सर सांगतात तसंच

फादर सेलेस्टीन घरी आले त्या वेळी एरवी भवानी शाळेत शिकवत असायची. पण त्या सोमवारी तिला ताप भरला होता, म्हणून ती घरी राहिली, आणि जे तिच्या कानावर कधीच आलं नसतं ते तिनं स्वतः ऐकलं.

ख्रिस्ती लोकांचा उपवासकाळ निम्मा सरला होता. गुड फ्रायडेच्या संध्याकाळी चर्चच्या मैदानात येशूच्या मरणाचं नाटक व्हायचं. 'पास्का' म्हणतात त्याला कुंभकोणमकडे. गेल्या वर्षीसारखंच यंदाचं पास्काही भवानीचे यजमान, व्यंकटेशराव, बसवत होते. फादर या नाटकाच्या निमित्तानं आठवड्यातून दोन-तीनदा तरी डोकावायचे, आणि पायरी चढता चढताच "टीचर, कॉफी!" म्हणून हाक द्यायचे. त्या दिवशी त्यांनी हाक दिली नाही. चपलाही काढल्या नाहीत. उंबऱ्याबाहेर उभं राहूनच ते म्हणाले, "सर, उद्यापासून तालमीला येऊ नका. राहिलेलं नाटक मी बघतो."

व्यंकटेशराव वेताच्या खुर्चीत बसून चष्मा पुसत होते. ते पुसतच राहिले.

"का?" भवानीनं विचारलं. ती शाल गुंडाळून आतून बाहेर आली होती.

ती घरात असेल असं फादरना वाटलं नव्हतं. ते गडबडले. "कमिटीची तशी इच्छा आहे, टीचर."

"बसा तरी. कॉफी घ्या."

"नको. निघतो मी." आणि ते निघाले. गल्लीच्या तोंडाशी त्यांची मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला, तरी व्यंकटेशराव चष्माच पुसत होते.

भवानीला खुपलं ते हेच. हा माणूस एका शब्दासाठी भांडणारा. कुठल्याशा देवळाच्या उत्सवात ट्रस्टीनं हिरण्यकश्यपूचं एक वाक्य कापलं म्हणून हे भर उत्सवात रंगपेटी उचलून घरी आले होते. आणि आज महिनाभराची मेहनत कुणी दारात उभं राहून काढून घेतली, तर यांनी 'का' म्हणूनसुद्धा विचारलं नाही. 'का' तिनं विचारलं.

"अहो, काय झालं?" ती म्हणाली.

"तुजला ऐकू आलं ना? कमिटी." ते उठले आणि परसात जाऊन उभे राहिले.

घरात दोघं मराठी बोलत. तंजावरच्या राजवाड्यात चाकरीला आलेल्या पूर्वजांनी बरोबर आणलेली, इतक्या पिढ्या तमिळ मुलखात राहून मुरलेली मराठी. पुण्याचे पाहुणे ती ऐकून हसायचे. दाराबाहेर पाऊल टाकलं की दोघांची जीभ आपोआप तमिळकडे वळायची. व्यंकटेशराव वीजमंडळातून निवृत्त झालेले, पण कुंभकोणमात त्यांना कुणी वीजमंडळाचे म्हणून ओळखत नसे. नाटकवाले सर म्हणूनच ओळखत. भवानी मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. मूलबाळ नव्हतं. त्याचं दुःख होतं, पण जुनं झालं होतं, त्याच्यासकट जगायची सवय झाली होती.

मग अमला आली. नाव अमलोर्पवम, पण सगळे अमलाच म्हणत. एकोणीस वर्षांची, कॉलेजला जाणारी, बाप लहानपणीच गेलेला. आई सवरियम्मा शिवणकाम करायची, पास्काचे झगे तीच शिवत होती. नाटकात अमला येशूची आई होणार होती. क्रुसाखाली बसून मेलेल्या लेकासाठी आईनं ओप्पारी गायची, म्हणजे मयताच्या घरी बायका छाती पिटत गातात ते रडगाणं. अमलाचा आवाज गोड होता, पण तिला रडता येईना. तालमीत पोरं हसायची. व्यंकटेशराव म्हणाले, "हिला एकटीला शिकवावं लागेल. दुपारी घरी येत जा." ती यायला लागली. भवानी शाळेतून यायची तेव्हा अमला ओसरीवर बसलेली असायची, कधी गात, कधी सरांशी बोलत. भवानी तिला डोसा करून घालायची, कधी तिच्या वेणीत मोगरा माळायची. घरात कुणीतरी आपली वाट पाहतंय असं तिला पहिल्यांदाच वाटत होतं.

आता आठवू लागली तेव्हा तिच्या ध्यानात आलं की गेल्या आठवड्यात अमला आलीच नव्हती. विचारलं तेव्हा "परीक्षा आहे तिची" असं व्यंकटेशरावांनी सांगितलं होतं, आणि तिनं ते तसंच सोडून दिलं होतं.

ताप उतरल्यावर बाजारात तिला ज्ञानप्रकाशम् भेटले. चर्चच्या कमिटीचे अध्यक्ष. केळफूल निवडत होते.

"सरांची तब्येत कशी आहे आता?" त्यांनी विचारलं.

"तब्येत?"

"फादर म्हणाले, सरांना दगदग सोसत नाही, म्हणून नाटक सोडलं त्यांनी. आम्हा सगळ्यांना फार वाईट वाटलं. त्यांच्यासारखं कोण बसवणार?"

"कमिटीची मीटिंग झाली होती ना?"

"कसली मीटिंग?" ज्ञानप्रकाशम् म्हणाले. "ईस्टरनंतर होईल आता."

भाजीची पिशवी घेऊन भवानी घरी आली. फादरनी एक तर तिला खोटं सांगितलं, नाहीतर ज्ञानप्रकाशम् यांना. बहुतेक दोघांनाही. आणि पाद्री माणूस काही झाकायचं असल्याशिवाय दोन दोन ठिकाणी खोटं बोलत नाही, एवढं तिला कळत होतं. तिनं पिशवी ओट्यावर ठेवली आणि नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली.

"कमिटीची मीटिंग झालीच नाही."

"मग त्या फादरास विचार."

"तुम्हांस काय वाटतं?"

"मी हिंदू. क्रिस्तांचं नाटक हिंदूनं कशास बसवावं, असं कुणी बोललं असेल."

"गेल्या वर्षीही हिंदूच होता की तुम्ही."

त्यांनी चष्मा काढून ठेवला. मग एकदम चिडून म्हणाले, "तू कशास येवढं हुडकतीस?"

तिनं त्या रागाचा अर्थ लावून पाहिला. अपमान झालेल्या माणसाचा राग असाच असतो. पकडल्या गेलेल्या माणसाचाही असाच असतो. तेवढ्यावरून तिला काही ठरवता येईना.

शनिवारी ती चर्चमध्ये गेली. उन्हाचा कडाका होता. आत बाकांवर बायका कन्फेशनसाठी रांगेत बसल्या होत्या. उपवासकाळात सगळी वस्ती पापाची कबुली द्यायला येते. शेवटची बाई उठून जाईपर्यंत भवानी मागे खांबाशी थांबली. फादर सेलेस्टीन लाकडी कोठडीतून बाहेर आले, तिला पाहिलं, आणि त्यांचा चेहरा पडला. तरी ते तिला बाजूच्या खोलीत घेऊन गेले, खुर्ची दिली, दार उघडं ठेवलं.

"फादर, माझ्या नवऱ्यानं काय केलं?"

"मी असं कधी म्हटलं?"

"म्हटलं नाहीत. पण मला कमिटी सांगितलीत, कमिटीला तब्येत सांगितलीत. खरं काय ते मला सांगा."

"सांगता येत नाही, टीचर."

"येत नाही की माहीत नाही?"

फादर टेबलावरच्या मेणबत्तीचं ओघळलेलं मेण नखानं खरवडत राहिले. "तेही सांगता येत नाही."

"अमला तुमच्याकडे कन्फेशनला आली होती?"

"या दिवसांत सगळेच येतात. कोण आलं, कोण नाही, हे मी बोलू शकत नाही." मग ते थोडं सावरून म्हणाले, "एवढं ऐका. कबुलीत मी काही ऐकलं, तर ते ऐकल्यासारखं मला वागतासुद्धा येत नाही. त्यावरून एखाद्याला कामावरून काढणं हेसुद्धा आमच्यात मोठं पाप आहे. पाद्रीपणसुद्धा जाऊ शकतं त्यानं."

"म्हणजे तुम्ही कबुलीत काही ऐकलं नाहीत."

फादर पुन्हा मेण खरवडू लागले.

"किंवा ऐकलंत, आणि ते पाप केलंत."

बाहेर कुणीतरी चर्चची फरशी धूत होतं, बादली सरकवल्याचा आवाज येत होता. भवानीचे डोळे भरून आले, आणि भरले म्हणून तिला स्वतःचाच राग आला.

"फादर, मी तुमच्या धर्माची नाही. मला त्या पोरीचं गुपित नको. फक्त एवढं सांगा, मी त्या माणसाबरोबर राहावं की राहू नये? त्यानं काही केलं नसेल तर तुम्ही एका भल्या माणसाच्या अंगाला घाण लावलीत. केलं असेल तर मी रोज त्याला जेवायला वाढते आहे. मान तरी हलवा. हो की नाही."

फादर सेलेस्टीनांनी मान हलवली नाही. "मी तुमच्यासाठी प्रार्थना करतो," ते म्हणाले. आणि ती उठून दाराशी पोचली तेव्हा हळूच म्हणाले, "टीचर, माझंही चुकलं असेल."

काय चुकलं असेल, हे विचारायला ती मागे वळली. पण त्यांनी तोंड फिरवलं होतं.

तिथून ती थेट सवरियम्माकडे गेली. सवरियम्मा मशिनवर बसून रोमन शिपायांचे लाल झगे शिवत होती. भवानीला पाहून तिनं पाय थांबवला नाही.

"अमला कुठंय?"

"पापनाशम्‌ला. माझ्या बहिणीकडे. इथं अभ्यास होत नाही म्हणाली."

"आणि नाटक?"

"दुसरी मुलगी करतेय आता."

"सवरियम्मा, काय झालंय?"

मशीन थांबलं. "टीचर, माझ्या पोरीचं लग्न व्हायचंय अजून. कशाला उकरून काढता?"

"काय उकरून काढते मी? आहे काय तिथं?"

"मला काय ठाऊक!" सवरियम्मा एकदम रडायलाच लागली. "रडते नुसती. जेवत नाही. विचारलं तर सांगत नाही. फादर म्हणाले, तिला विचारू नका, काही दिवस दुसरीकडे ठेवा. मी ठेवलं. मी अडाणी बाई, मला सांगितलं तेवढं मी केलं." तिनं लाल कापडालाच डोळे पुसले.

त्या संध्याकाळी भवानीनं सगळं नवऱ्यापुढे मांडलं. फादर, सवरियम्मा, पापनाशम्. ऐकून झाल्यावर व्यंकटेशराव ओसरीच्या खांबाला टेकून बसले. मग म्हणाले, "मी तिजला वचन दिलं होतं, कुणास सांगणार नाही म्हणून. पण तू ऐकत नाहीस."

आणि त्यांनी सांगितलं. अमलाचं एका मुलावर मन होतं. सूर्या नाव, जवळच्या मेलकावेरीचा, हिंदू, जातही वेगळी. दोघांना भेटायला जागा नव्हती. अमला रडली, म्हणून व्यंकटेशरावांनी दोघांना दुपारी इथं, या ओसरीवर बसू दिलं. ते स्वतः आत असायचे. पोरीनं हे कबुलीत सांगितलं असणार. फादरला वाटलं असणार, हा म्हातारा क्रिस्ती पोरीस नादाला लावतो. म्हणून काढलं.

भवानीच्या छातीवरचा दगड हलला. सगळं बरोबर जुळत होतं. पोरीचं रडणं, आईची भीती, फादरचं मौन, यांचं गप्प बसणं. कितीतरी दिवसांनी तिला श्वास पुरला.

"मग त्याच दिवशी मजला का सांगितलं नाही?"

"वचन म्हणून."

"तो सूर्या काय करतो?"

"मोबाइलच्या दुकानात होता. आता चेन्नैस गेला म्हणतात."

"फोन नंबर?"

"माजकडे कशास असेल?"

जुळतं म्हणूनच ती घाबरली. आयुष्यभर नाटकं बसवलेल्या माणसाला जुळणारी गोष्ट रचायला कितीसा वेळ लागतो? आणि खरी गोष्टसुद्धा जुळतेच की. मेलकावेरीच्या रस्त्यावरच्या मोबाइलच्या दुकानांत तिनं विचारलं. एका दुकानात सूर्या नावाचा मुलगा होता, काम सोडून गेला होता. पण सूर्या हे काय दुर्मीळ नाव आहे? मालकाला त्याच्याबद्दल आणखी काही ठाऊक नव्हतं.

शेवटी ती पॅसेंजर गाडीनं पापनाशम्‌ला गेली. अमलाची मावशी भाताच्या गिरणीमागे राहायची. अमला अंगणात कपडे वाळत घालत होती. ती वाळली होती, डोळ्यांखाली काळं आलं होतं. भवानीला पाहून तिच्या हातातला ओला परकर खाली पडला.

"टीचर, तुम्ही कशाला आलात?"

भवानीनं सवयीनं तिच्या डोक्यावरून हात फिरवायला हात पुढे केला. अमला मागे सरली. अगदी थोडीशी, पण सरली. हात हवेतच राहिला. भवानीनं तो खाली घेतला.

"बाळ, मी कुणालाही सांगणार नाही. तुझ्या आईला नाही, फादरना नाही. सर म्हणाले, तुझा एक मुलगा होता. सूर्या. तुम्ही दोघं आमच्या घरी भेटायचात. खरं आहे हे?"

अमलानं तिच्याकडे पाहिलं.

"सरांनी असं सांगितलं?"

"हो."

"सूर्या, असं नावसुद्धा सांगितलं?"

"हो. खरं आहे का?"

अमलानं पडलेला परकर उचलला, झटकला, दोरीवर टाकला, त्याची चुणी न् चुणी सरळ केली. मग पाठमोरी राहूनच म्हणाली, "सर सांगतात तसंच आहे."

"अमला, माझ्याकडे बघून सांग."

"सर सांगतात तसंच आहे, टीचर." ती वळली. आवाज एकसारखा होता, पाठ केलेलं म्हणून दाखवावं तसा. "पुन्हा येऊ नका. तुम्ही आलात की मावशी विचारते."

मावशी दारातून बघतच होती. भवानीनं आणलेली केळी तिनं घेतली, पाणी दिलं. अमला आत निघून गेली. परतीच्या गाडीत भवानी तेच एक वाक्य निरनिराळ्या तऱ्हेनं मनात म्हणून बघत होती. प्रेम उघडं पडलं म्हणून लाजलेल्या मुलीचं ते वाक्य होतं. धमकावलेल्या मुलीचंही होतं. आपल्या गुपिताला सरांनीच दगा दिला म्हणून दुखावलेल्या मुलीचंही होतं. कुंभकोणम् आलं तरी तिला ते एका तऱ्हेनं पक्कं ऐकू येईना.

गुड फ्रायडेला पास्का झालं. भवानी गेली नाही, व्यंकटेशरावही नाहीत. लाउडस्पीकरवरून ओप्पारी त्यांच्या घरापर्यंत आली. गाणाऱ्या नव्या मुलीचा आवाज मधेच चिरकला, आणि व्यंकटेशराव ताटावरून उठून गेले.

मे महिन्यात फादर सेलेस्टीन बदली होऊन गेले. कुणी म्हणे बिशपनी हलवलं, कुणी म्हणे त्यांनी स्वतःच मागून घेतली. निरोपाला आले नाहीत. जाताना ते काय घेऊन गेले, की काहीच नव्हतं त्यांच्याजवळ, हे आता विचारायलाही माणूस उरला नाही. अमलाचं लग्न घाईनं कारैकालच्या एका मुलाशी लागलं. सवरियम्मानं बोलावणं केलं नाही. रस्त्यात भेटली तर पलीकडच्या बाजूला जायची.

जूनमध्ये अक्षया यायची होती. भवानीच्या भावाची, अरुणकुमारची मुलगी. बारावी झाली होती, कुंभकोणमच्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता, आत्याकडे राहून शिकायचं हे वर्षभर आधीच ठरलेलं. व्यंकटेशरावांनी तिच्यासाठी माडीवरची खोली रंगवून घेतली होती. भवानी ती नवी रंगवलेली खोली पाहायची आणि तिला दुपार दिसायची. आपण शाळेत, आणि घरात ते दोघं.

एका रविवारी तिनं भावाला फोन लावला. "तिला हॉस्टेलात ठेव रे. माझे गुडघे धरलेत, माझ्यानं आता कुणाचं होत नाही."

"आक्का, पोर कुठं पाळण्यातली आहे? तीच तुझं करील."

"नको म्हटलं ना!" ती ओरडली, आणि फोन ठेवला.

वळली तर व्यंकटेशराव मधल्या दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"माजपासून राखतीस पोरीस?" ते म्हणाले.

ती पदरानं फोनवरची धूळ पुसू लागली.

"भवानी, मी काही केलं नाही."

"होय."

"होय म्हणजे? विश्वास ठेवतीस, की नाही?"

तिनं खरंच प्रयत्न केला. छत्तीस वर्षं ज्याच्या शेजारी झोपली त्या माणसाचा चेहरा तिनं नीट न्याहाळला. तो तसाच होता. नाकाशी चष्म्याचे व्रण, कानावर पांढरे केस. या चेहऱ्यानं रावण केला होता, हरिश्चंद्र केला होता, आणि दोन्ही वेळा लोक रडले होते.

"मजला ठाऊक नाही," ती म्हणाली.

ते खुर्चीत बसले, आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्यांचे खांदे हलत होते. जवळ जाऊन पाठीवर हात ठेवावा असं तिला वाटलं. ते खरंच रडताहेत की नाही हे बघावं, असंही त्याच क्षणी वाटलं. त्या दुसऱ्या वाटण्याची तिला इतकी शिसारी आली की ती जागची हललीच नाही.

त्यानंतर त्यांनी नाटक बसवलं नाही. देवळांचे, शाळांचे निरोप येत, ते नाही म्हणून सांगत. एकदा भवानीनं नव्या फादरना गाठलं. ते वयस्कर होते, मायेनं बोलले. तिनं नावं न घेता विचारलं, "निर्दोष माणसावर रोज संशय घेणं हे पाप असेल, आणि दोषी माणसाची रोज सेवा करणं हेही पाप असेल, आणि आपण त्यातलं कुठलं करतो आहोत हेच कळत नसेल, तर काय करायचं?" "मनाला काय वाटतं, ते ऐकावं," असं काहीतरी नवे फादर म्हणाले. तिनं त्यांचे आभार मानले. तिच्या मनाला सकाळी एक वाटायचं आणि दुपारी दुसरं.

भाऊ दुरावला तो दुरावलाच. अक्षया हॉस्टेलात राहिली, एकाच गावात असून सणालासुद्धा आली नाही. भवानी ज्या वर्षी शाळेतून निवृत्त झाली, त्या वर्षापासून दोघं नवराबायको दिवसभर घरात असतात. ती वेळेवर वाढते, ते वेळेवर जेवतात. ते खाली झोपतात, ती माडीवरच्या रंगवलेल्या खोलीत. मीठ कमी झालं का, औषध घेतलं का, गॅसवाला आला होता का, एवढंच त्या जुन्या मराठीत बोलणं होतं. कधी ते सहज म्हणून दुपारी ओसरीवर काही गुणगुणायला लागतात. ती आत काम टाकून कान देते. तिनं कान दिल्याचं त्यांना कळतं, आणि ते गप्प होतात.